पंपाचं रान



गेला दीड महिना पेजवर काही टाकलं नाही. डाळिंबाच्या नव्या प्लॉटचे फोटो कुठे गेले, ठिबकचं काय झालं, असे बरेच मेसेज आले. प्लॉट अजून झालेला नाही. खड्डे घेऊन ठेवलेत, रोपं नर्सरीतच आहेत. का ते आज लिहितो. थोडं लांब होईल, जेवण झाल्यावर वाचा.

आमचं एक रान आहे सोलापूर रस्त्याच्या जुन्या वळणावर. पावणेदोन एकर. वडिलांनी १९९४ साली घेतलं. रस्ता सरळ झाला आणि ते वळण आत पडलं, आता तिथून फक्त उसाच्या ट्रॉल्या आणि शेरडं जातात. या रानाला सगळे 'पंपाचं रान' म्हणतात. मी कळता झाल्यापासून हेच नाव ऐकतोय. विहीर आहे, विहिरीवर मोटर आहे, म्हणून पंपाचं रान, अशी माझी समजूत. माझ्या पोरांचीही तीच. नावाचा अर्थ कुणाला विचारावा असं कधी वाटलंच नाही. माळाचं रान माळावर असतं, चिंचेचं रान चिंचेजवळ असतं, त्यात विचारायचं काय?

शिमगा झाल्यावर विहिरीपासून नव्या प्लॉटपर्यंत पाइपलाइनची चारी काढायला जेसीबी बोलावला. विहिरीपासून सत्तर-पंच्याहत्तर फुटांवर बकेट कशावर तरी घासलं. दगडावर घासल्याचा आवाज वेगळा असतो, हा वेगळा. घंटेसारखा. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, लोखंड हाय खाली." मी म्हटलं, असेल जुना पाइप, काढ बाजूला. त्याने परत एकदा बकेट ओढलं. आता ते आठवलं की हाताला घाम येतो, पण तेव्हा आम्ही दोघं वाकून कौतुकाने बघत होतो.

वरची माती खोऱ्याने काढली तर गोल पाठ दिसायला लागली. म्हैस पाण्यात बसल्यावर दिसते तशी. संध्याकाळपर्यंत चार माणसांनी एक बाजू मोकळी केली. लोखंडी टाकी, आडवी निजवलेली. टेप लावला: व्यास दोन मीटर, लांबी सव्वातीन मीटर. गुणाकार केला की दहा हजार लिटर. म्हणजे आपल्या पाण्याच्या टँकरएवढी टाकी, आणि तिच्यावर आम्ही तीस वर्षं ज्वारी, कांदा, हरभरा पेरत होतो.

एका टोकाला चार इंची पाइप वर आलेला होता, त्यावर पितळी टोपण. पाना लावून मी ते काढलं. आत बघावं म्हणून मोबाईलची बॅटरी लावली आणि तोंड पाइपाजवळ नेलं. वास आला तो असा की क्षणभर डोकं गरगरलं. पेट्रोलचा, पण शिळा, आंबूस. बांबू घालून पाहिला तर खाली वीतभर ओला होऊन आला, टोकाला काळा गाळ. टोपण सैलसरच लावून घरी आलो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय! तिथं पेट्रोल पंपच होता की. तुझा जन्म व्हायच्या आदीपासून. म्हणून तर पंपाचं रान."

म्हणजे हे नाव मोटरीमुळे पडलंच नव्हतं. रस्ता वळला, पंप बंद पडला, वरचं मशीन गेलं, पत्रे गेले, कौलं गेली, आणि टाकी मात्र कुणी काढली नाही. जमीन विकताना सात-बाऱ्यावर विहीर येते, झाडं येतात. जमिनीखालची टाकी येत नाही. वडिलांना पंपाचं माहीत होतं, टाकीचं माहीत होतं की नाही, आता विचारायला ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला फोन केला. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला होता. पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर टाकीचं वजन टनभर भरतं. भाव किलोला अठ्ठावीस. म्हणजे अठ्ठावीस हजार. ठिबकच्या नळ्यांचे पैसे जमिनीतूनच निघाले म्हणून मी खूश. आला तो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, टेम्पोत ऑक्सिजनचं नळकांडं, गॅसची टाकी आणि कटर. हसतमुख, कामाचा. टाकीवर चढून पायाने ठोकून म्हणाला, "रिकामीच आहे दादा. दोन तासात आठ तुकडे करतो." नळ्या सोडल्या, कटर जोडला.

तेवढ्यात तात्या सायकलवरून उतरले.

तात्या आमच्या भावकीतले. तीस वर्षं पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवला त्यांनी, आता दोन शेरडं सांभाळतात. बोलणं कमी. त्यांनी आधी हातातली बिडी बांधापलीकडेच मातीत दाबली, मग जवळ आले. पोराच्या हातातला कटर बघितला आणि सरळ जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. पोरगं चिडलं.

"काय झालं आजोबा? रिकामी हाय टाकी."

"रिकामी हाय म्हणूनच."

मग माझ्याकडे वळून त्यांनी जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती. "मोटरीला ऑटो हाय का रं?"

होता की. सगळ्यांच्याच मोटरीला असतो. रात्री थ्री फेज आली की आपोआप मोटर चालू, म्हणजे उठून जायला नको. तात्या म्हणाले, आधी तो काढ. पेटीजवळ गेलो तर तिथेही तोच वास, बारीक, पण होता. टाकीपासून विहिरीपर्यंत आम्हीच चारी खणली होती आणि टोपण मीच सैल ठेवलं होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खोलगट जागा धरून सरकते. आमच्या चारीतून ती स्टार्टरच्या पेटीपर्यंत आली होती. आदल्या रात्री आमच्या फिडरला लाईट आली नव्हती, म्हणून मी हे लिहितोय. एरवी लाईट गेली की महावितरणला शिव्या घालणारा मी. त्या रात्रीपुरतं तरी त्यांचे उपकार.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची कशी, हे मला पटत नव्हतं. तात्यांनी बांधावर बसून समजावलं आणि नंतर मी वाचलं तेही तसंच निघालं. पेट्रोल पातळ असतं तोवर ते स्वतः पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तर. साधारण शंभरात दीड भाग ते साडेसात भाग वाफ, बाकी हवा. त्याहून कमी असेल तर पेटत नाही, त्याहून जास्त असेल तर हवाच पुरत नाही म्हणून पेटत नाही. भरल्या टाकीत वरच्या थोड्या जागेत वाफेची गर्दी इतकी असते की बहुधा ती त्या मापाच्या वर जाते. पण टाकी रिकामी करून तळाला थोडा गाळ ठेवा, टोपण उघडं ठेवून हवा आत जाऊ द्या, की मिश्रण बरोबर त्या मापात येतं. दहा हजार लिटरचा फटाका. आणि थंडीतसुद्धा पेट्रोलची वाफ होतच असते, शून्याखाली चाळीस अंशांवरही ती पेटू शकते. चैत्रात आमच्याकडे किती ऊन असतं ते तुम्हाला माहीत आहेच.

डिझेलचं बॅरल असतं तर? मी विचारलं. तात्या म्हणाले, डिझेल थंड असताना गरीब असतं, पण कटरच्या आगीने पत्रा तापला की आतलं डिझेलच वाफ व्हायला लागतं. गॅरेजमध्ये डिझेलचं रिकामं बॅरल कापताना झाकण उडून हात गेलेला माणूस त्यांनी स्वतः बघितलेला. त्या पोराने हे ऐकलं आणि गुपचूप नळ्या गुंडाळल्या. जाताना म्हणाला, "दादा, मी आत्तापर्यंत चाळीस-पन्नास बॅरलं कापली असतील." कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मला तरी कुणी सांगितलं होतं?

इथवर गोष्ट आगीची होती. मला वाटलं, आग टळली म्हणजे झालं. टोपण घट्ट बसवलं, चारीत माती लोटली, ऑटो काढून टाकला, पोरांना रानात जायला बंदी. रात्री जेवताना हे सगळं घरात सांगत होतो, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तरीच वैशाखात पाण्याला रॉकेलचा वास यायचा."

सगळे गप्प झाले.

कारण हे ती आत्ता म्हणत नव्हती. वीस वर्षं तरी म्हणत होती. विहिरीचं पाणी तळाला गेलं की तिला वास यायचा. वडील म्हणायचे, मोटरीचं ऑइल गळत असेल. मी म्हणायचो, आई, तुझं नाकच तसलं आहे. बाकी कुणाला वास यायचा नाही, किंवा यायचा पण सवयीचा झाला होता. घरापासून विहीर जवळ, पाणी गोड, म्हणून पिण्याचं पाणी तिथलंच. आमची दोन्ही पोरं त्या पाण्यावर वाढली.

दुसऱ्या दिवशी टाकीची दुसरी बाजू उकरली. खालच्या अंगाला, जिथे पाइप जोडलेला होता तिथे, पत्रा गंजून खपल्या खपल्या झालेला. पेन्सिल आत जाईल एवढी तीन भोकं. आजूबाजूचा मुरूम पिवळसर असायला हवा, तो करडा-काळपट, आणि मुठीत घेतला की वास. साध्या लोखंडाची टाकी, वरून डांबराचा पातळ हात दिलेला, ती थेट मातीत पुरलेली. बोअरचं केसिंग किती वर्षांत सडतं ते आपण बघतोच.

आपल्याकडची जमीन म्हणजे वर दोन-तीन फूट काळी माती, खाली मुरूम, मग काळा खडक. खडक अखंड दिसतो पण त्याला भेगा असतात, त्या भेगांतूनच तर विहिरीला झरे लागतात. वाळूच्या जमिनीत पाणी गाळून येतं, इथे भेगेतून सरळ येतं. जे पाण्याबरोबर येईल तेही गाळल्याशिवाय येतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्याच्या वर तरंगतं, पण त्यातलं बेंझिन नावाचं एक द्रव्य पाण्यात विरघळतं. बेंझिनने रक्ताचा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मानकं आहेत. त्यांत बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा वाचून काही बोध होत नाही म्हणून मी वहीत हिशोब मांडला. आमच्या विहिरीचा व्यास वीस फूट, उन्हाळ्यात पाणी दहा फूट. म्हणजे सुमारे नव्वद हजार लिटर. पेट्रोलमध्ये बेंझिन शंभरात एक भाग धरलं, तर ही अख्खी विहीर मर्यादेला पोचवायला किती पेट्रोल लागेल? शंभर मिलिलिटर. एक कप चहा. हिशोब तीनदा तपासला. आणि शंभरात एक हा आजचा आकडा आहे, जुन्या पेट्रोलमध्ये बेंझिन याहून जास्त असायचं. शिवाय ते शिशाचं पेट्रोल. आपल्याकडे सगळीकडे शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० सालच्या फेब्रुवारीपासून. हा पंप त्याआधीच बंद पडलेला, म्हणजे तळाच्या गाळात शिसंही असणार.

मग धावाधाव सुरू झाली. ती सविस्तर लिहीत नाही, तुम्हीही कधी ना कधी असल्या कामाला फिरला असाल. एका ऑफिसात म्हणाले, हे पेट्रोलचं, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, हे पाण्याचं, आमच्याकडे येत नाही. ज्या कंपनीचा पंप होता असं गावातले म्हणतात, त्यांचं उत्तर आलं की एवढ्या जुन्या पंपाची नोंद सापडत नाही. पंप चालवणाऱ्या कुटुंबातलं आता इथे कुणी राहत नाही. शेवटी ज्याची जमीन त्याची टाकी. कायदेशीर बरोबर की चूक ते वकील सांगतील, पण विहीर माझी आणि पाणी पिणारी माणसं माझी, म्हणून मीच हात घातला.

या धावपळीत एक चांगलं झालं, नियम वाचले. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, त्याखालचे आत्ताचे नियम २००२ चे, आणि ते बघणारं खातं म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. नियमांत लिहिलंय की पेट्रोल साठवलेली टाकी रिकामी झाली तरी साफ करून वाफेपासून मुक्त करेपर्यंत घट्ट बंद ठेवायची. मी काय केलं होतं? टोपण काढून मोबाईल लावून बघितलं होतं. वाफ गेली आहे हे जाणकाराने यंत्राने तपासून लिहून दिल्याशिवाय टाकीवर कापणं-जोडणं करायचं नाही. मी काय करत होतो? भाव ठरवत होतो.

तात्या म्हणतात, चालू पंपावर हे सगळं डोळ्यांसमोर असतं, आपण हवा भरून निघून येतो. भिंतीकडेला उंच बारीक पाइप उभे दिसतात ना, ते खालच्या टाकीच्या श्वासाचे. वाफ माणसांच्या डोक्यावरून वर जावी म्हणून एवढे उंच. टँकर आला की पहिली त्याला अर्थिंगची तार, मग बाकीचं. शेजारी वाळूच्या बादल्या. रोज सकाळी लांब पट्टी टाकीत सोडून माप घेतात आणि विक्रीशी ताडून बघतात. पट्टीच्या टोकाला एक लेप लावतात, खाली पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. टाकीत पाणी सापडलं तर समजायचं की कुठेतरी वाट झाली आहे, आणि पाण्याला आत यायला वाट आहे म्हणजे पेट्रोलला बाहेर जायलाही आहे. आता दोन भिंतींच्या टाक्या आल्यात, आतली गळली तर मधल्या पोकळीत कळतं. पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलं की रिकामी टाकी होडीसारखी वर येऊ शकते, म्हणून काँक्रीटला जखडतात. आमची वर आली नाही, बहुतेक तिच्या भोकांतून पाणीच आत गेलं म्हणून.

मोबाईलवर वाचता वाचता अमेरिकेचंही वाचलं. त्यांनी १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला, १९८८ साली नियम काढले आणि जुन्या टाक्यांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली: गंजरोधक करा, बदला, नाहीतर बंद करा. आजवर तिथे पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्यात. मला महत्त्वाचं वाटलं ते टाकी बंद करण्याबद्दलचं. नुसतं कुलूप लावून जायचं नाही. रिकामी करायची, धुवायची, मग काढून न्यायची किंवा वाळूसारख्या निर्जीव मालाने भरून टाकायची, आणि भोवतालची माती तपासायची. गळतीचा नुसता संशय आला तरी चोवीस तासांत कळवायचं. गंमत म्हणजे शेतकऱ्याची स्वतःच्या वापराची छोटी टाकी, साधारण चार हजार लिटरपर्यंतची, त्या नियमांतून वगळलेली आहे. शेतकरी म्हटलं की तिकडेही सूट. पण विहिरीला ती सूट कळत नाही.

वैशाखात सोलापूरहून टाकी साफ करणारी एजन्सी आली. चार माणसं, सुती कपडे, हातात गॅस मोजायचं यंत्र. पहिलं काम म्हणजे सगळ्यांचे मोबाईल, काडेपेट्या, ट्रॅक्टरची चावी गोळा करून लांब लिंबाखाली ठेवली. मग तळाचं तेल आणि गाळ हातपंपाने बॅरलांत काढला, बॅरलाला तार लावून. खालची भोकं लाकडी खुंट्या ठोकून बंद केली आणि टाकी काठोकाठ पाण्याने भरली, म्हणजे आतली वाफ बाहेर ढकलली जाते. आमच्याच विहिरीचं पाणी आमच्याच टाकीत. ते पाणीही ओढ्याला सोडू दिलं नाही, टँकरमध्ये घेतलं. यंत्रावर शून्य आल्यावर दर अर्ध्या तासाने परत मोजत होते. आत कुणी उतरलं नाही. संध्याकाळी क्रेनने टाकी वर आली तेव्हा गावातली पन्नासेक माणसं बांधावर होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने तारीख आणि 'गॅस तपासला' असं लिहिलं. कापली ती दुसऱ्या दिवशी, एजन्सीच्या देखरेखीखाली. कापायला तेच पोरगं आलं. या वेळी ते कटर पेटवायच्या आधी विचारत होतं, "यंत्र लावलं का परत?"

गाळाची बॅरलं आणि दोन ट्रॉल्या काळपट मुरूम रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या प्रकल्पाकडे गेला. एकूण खर्च एक लाख बारा हजार. भंगाराचे आले सव्वीस हजार, पत्रा गंजून हलका झाला होता. ठिबक पुढच्या वर्षी.

घरातही साफसफाई झाली. आमच्या शेडमध्ये दोनशे लिटरचं डिझेलचं बॅरल असतं ट्रॅक्टरसाठी, आणि फवारणी पंपाचं पेट्रोल पाण्याच्या बाटल्यांत, चुलीच्या खोलीच्या भिंतीला लागून. डिझेल परवान्याशिवाय अडीच हजार लिटरपर्यंत ठेवता येतं, एका भांड्यात हजार लिटरपेक्षा जास्त नको. पेट्रोल फक्त तीस लिटर. म्हणजे कायद्यात मी बसत होतो. पण दोन वर्षांमागे भाच्याने त्यातली एक बाटली तोंडाला लावली होती, वासाने थांबला. आता पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये, कुलपात, वेगळ्या खोपीत. बॅरलाखाली पत्र्याचा ट्रे.

पाण्याचा रिपोर्ट आला मागच्या सोमवारी. बेंझिन ०.०२ मिलिग्रॅम. मर्यादेच्या दुप्पट. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. पोरांचं, बायकोचं, माझं, आईचं, सगळ्यांचे रिपोर्ट नीट आहेत. दर वर्षी तपासत जा म्हणाले. विहिरीवर लाल अक्षरात 'पिण्यासाठी नाही' लिहिलंय. शेजारच्या दोन विहिरींचे नमुनेही माझ्याच पैशाने दिलेत. एका शेजाऱ्याला ते आवडलेलं नाही. उद्या जमीन विकायची म्हटली तर लोक नावं ठेवतील, असं त्याचं म्हणणं. त्याचंही अगदीच चूक नाही. पण त्याचीही नातवंडं तेच पाणी पितात.

टाकीचा खड्डा अजून उघडा आहे. वरून जाड प्लॅस्टिकचा कागद टाकलाय, भोवतीने दीड फुटी बांध घातलाय, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरून उरलंसुरलं भेगांतून विहिरीत जाऊ नये. मृग आठ दिवसांवर आलाय. एरवी या दिवसांत आम्ही आभाळाकडे डोळे लावून असतो. या वर्षी पहिला पाऊस जरा बेताने यावा असं वाटतंय. पाण्याची पुढची तपासणी दिवाळीनंतर, विहीर भरलेली असताना एकदा आणि वैशाखात तळ गाठल्यावर एकदा. दोन्ही आकडे इथे टाकेन.

तुमच्या शिवारात एखादं पंपाचं रान, डेपोचा तुकडा, गिरणीची जागा असं काही नाव असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि कमेंटमध्ये लिहा. टाकी निघालीच तर टोपण उघडू नका. मोटरीचा ऑटो आधी काढा.

आई आता जारचं पाणी पिते. तिला ते आवडत नाही. पहिल्या दिवशी पेला नाकाला लावून बराच वेळ वास घेतला आणि म्हणाली, "याला कसलाच वास न्हाय." मग प्यायली.